एका भागाचे मोल : दूरदर्शनच्या जुन्या मालिकांसोबत एक आठवडा

दूरदर्शनच्या १९८०च्या दशकातील मालिकांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच आठवणींचा सूर लागतो आणि त्या मालिका मुळात कशा होत्या हा प्रश्न मागे पडतो. आठवणींना मोल असतेच. पण त्यांच्या आडोशाने परीक्षण टळते, आणि ज्या तरुण प्रेक्षकाने त्या काळी हे काही पाहिलेले नाही, त्याला आज त्यात पाहण्यासारखे काय उरले आहे हे कोणी नीट सांगत नाही. यांतील कितीतरी मालिका आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने आपल्या संग्रहातील बरेच साहित्य खुले केले आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हा इंटरनेटवरील स्वतःचा मंचही सुरू केला. म्हणून एक आठवडा ठरवून या मालिका पाहिल्या : संध्याकाळी आधी एखाद्या विनोदी मालिकेचा एक भाग, त्यानंतर ‘तमस’चा एक भाग, आणि शनिवार-रविवार ‘भारत एक खोज’साठी राखून ठेवलेले. कोणत्याही मालिकेचा एका बैठकीत एकाहून अधिक भाग पाहायचा नाही, एवढे पथ्य पाळले, कारण या मालिका आठवड्यातून एकदाच दिसणार हे गृहीत धरून रचलेल्या आहेत आणि त्या रचनेला न्याय द्यायचा तर त्या तशाच पाहिल्या पाहिजेत.

आठवडाभर पाहून झाल्यावर जे मत बनले ते असे की या मालिकांचे खरे बळ त्यांच्या ‘भागा’त आहे. त्या काळचा एक भाग स्वतःपुरता पूर्ण असे. त्याला स्वतःचा विषय होता, स्वतःची चढण होती, आणि तो संपताना प्रेक्षकाच्या हाती काहीतरी नक्की दिलेले असे. आज आठवड्याचे सहा दिवस चालणाऱ्या मालिकेत एक प्रसंग चार दिवस ताणला जातो आणि प्रत्येक संवादानंतर खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवले जातात; तिथे भाग म्हणजे केवळ त्या दिवशीचा तुकडा असतो. हा फरक विनोदी मालिकेत सर्वांत लवकर लक्षात येतो.

‘ये जो है जिंदगी’ ही १९८४ची मालिका. तिचे लेखक हिंदीतील व्यंग्यकार शरद जोशी (आपल्या शेतकरी संघटनेचे शरद जोशी वेगळे), दिग्दर्शकांमध्ये कुंदन शाह, आणि पडद्यावर शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी व सतीश शाह. नवरा, बायको आणि त्यांच्याकडे राहायला आलेला बायकोचा भाऊ एवढ्या सामग्रीवर मालिका उभी आहे. तिची युक्ती अशी की सतीश शाह जवळजवळ प्रत्येक भागात नवे पात्र होऊन येतात : नवी भाषा, नवी चाल, नवा पेशा. त्यामुळे घर तेच राहूनही प्रत्येक भागाला ताजा पाहुणा मिळतो आणि कथानकाला मागच्या भागाचे ओझे वाहावे लागत नाही. ध्वनिमुद्रित हशा मात्र आज फार खटकतो. जिथे इनामदार नुसत्या एका थांबण्यातून विनोद साधतात तिथे तो हशा त्या थांबण्यावरच येऊन पडतो आणि नटाचे काम झाकून टाकतो. शिवाय प्रांतोप्रांतीच्या माणसांच्या उच्चारांवर बेतलेले काही विनोद आता ऐकवत नाहीत. एवढे सोडले तर इनामदारांचा हळुवार, काहीसा वैतागलेला नवरा आजही खरा वाटतो.

त्याच कुंदन शाहांनी सईद मिर्झा यांच्यासह १९८६ मध्ये ‘नुक्कड’ केली आणि ती मला विनोदी मालिकांपैकी सर्वांत पुढची वाटली. गल्लीच्या एका कोपऱ्यावर भेटणारी माणसे, एवढाच तिचा पसारा. विजेची कामे करणारा गुरू, सायकलदुरुस्तीवाला हरी, उपाहारगृहाचे कादरभाई, शिकवणाऱ्या टीचरजी, घरकाम करणारी राधा, भिकारी घनशू आणि दारूच्या नशेतच वावरणारा खोपडी. या मालिकेत गरिबी दाखवण्यासाठी कुणी रडत नाही आणि कुणाला उद्धारायला बाहेरून कुणी येत नाही. उधारी, भाडे, एखादे हरवलेले काम, कुणाचे तरी दुखणे एवढ्यावर भाग उभा राहतो आणि त्यातली माणसे आपापसांत जे काही जमवतात त्यावर तो संपतो. समीर खक्कर यांनी रंगवलेला खोपडी आठवणीत राहिलेला असतो तो हसवणारा दारुडा म्हणून. पण आज पाहताना जाणवते की नटाने त्याच्या प्रत्येक हसवणाऱ्या वाक्यामागे एक थकवा ठेवलेला आहे, आणि दिग्दर्शकाने त्या थकव्याकडे मुद्दाम बोट न दाखवता तो प्रेक्षकाला दिसेल एवढा वेळ कॅमेरा तिथे थांबवलेला आहे. सुरेश भागवतांचा घनशूही तसाच. भीक मागणाऱ्या माणसाला चौकात मत असते आणि त्याच्या मताला बाकीचे उत्तर देतात, ही गोष्ट मालिकेने इतकी सहज मांडली आहे की तिच्यातले धाडस पटकन ध्यानात येत नाही.

मराठी प्रेक्षकाला अधिक जवळची ‘वागले की दुनिया’ १९८८ची. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली, कुंदन शाहांनीच दिग्दर्शित केलेली, आणि दुर्गा खोटे यांनी उभ्या केलेल्या निर्मितीसंस्थेची. लक्ष्मणांच्या व्यंगचित्रांतला सामान्य माणूस कधी बोलत नाही. वागळे मात्र बोलतो, चिडतो, हिशेब करतो, घरी येऊन बायकोला सांगतो. अंजन श्रीवास्तव यांनी या मुंबईकर कारकुनाला जो संकोच दिला आहे तो फार बारकाईने घडवलेला आहे : साहेबांसमोर उभे राहताना किंचित पुढे झुकलेला खांदा, आणि घरात शिरताच सरळ होणारा तोच खांदा. भारती आचरेकर यांची राधिका त्याच्याहून दोन पावले पुढचे पाहणारी आहे, पण तिला तसे दाखवून द्यायचे नाही. माणिक वर्मांच्या या कन्येने संवादातली लय कशी सांभाळली आहे, हे डोळे मिटून नुसते ऐकले तरी कळते. एका भागात वागळेला गाडीची धडक बसते आणि ती गाडी चालवणारा तरुण म्हणजे तेव्हा फारसे कुणाला ठाऊक नसलेला शाहरुख खान. आज लोक तो भाग त्याच्यासाठी शोधतात, पण त्यात पाहण्यासारखे काम श्रीवास्तव यांचेच आहे. हीच दुनिया २०२१ मध्ये खाजगी वाहिनीवर नव्या पिढीसह पुन्हा उभी राहिली, सुमीत राघवन आले, जुने दोघेही परतले. त्या प्रयत्नात प्रामाणिकपणा आहे. परंतु रोजच्या प्रक्षेपणाच्या मागणीपुढे वागळेच्या छोट्या अडचणींना मोठे व्हावे लागते, आणि अडचण मोठी झाली की वागळेपण कमी होते.

बासू चटर्जींची ‘रजनी’ (१९८५) विनोदी म्हणावी की नाही, हे ठरवणे कठीण आहे. गॅस सिलिंडर, टॅक्सी, सरकारी खिडकी यांपैकी एखाद्या ठिकाणी ग्राहकाची अडवणूक होते, रजनी जाब विचारते आणि अर्ध्या तासाच्या आत निकाल लागतो. निकाल नेहमी तिच्याच बाजूने लागतो, ही मालिकेची कमजोरी आहे, आणि दोन-तीन भाग पाहिले की पुढचा भाग कसा जाणार हे आधीच कळते. तरीही प्रिया तेंडुलकर यांच्यामुळे ती पाहावीशी वाटते. त्यांची रजनी आवाज चढवत नाही. ती प्रश्न विचारते, उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभी राहते आणि मग योग्य टेबलाकडे जाते. टॅक्सीवरील भागामुळे मुंबईचे टॅक्सीचालक निदर्शने करण्याइतके चिडले होते, यावरून त्या एका भागाचा नेम किती अचूक बसला होता हे समजते.

मात्र आठवड्याचा खरा भार होता ‘तमस’चा. गोविंद निहलानी यांनी भीष्म साहनींच्या कादंबरीवरून केलेली ही सुमारे पाच तासांची मालिका जानेवारी १९८८ मध्ये दाखवली जाऊ लागली. कादंबरी १९७४ची, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहनी रावळपिंडीचे, आणि मार्च १९४७ मध्ये त्या जिल्ह्यात ज्या दंगली घडल्या त्या त्यांनी स्वतः पाहिलेल्या होत्या. पण ते लिहिण्याची ओढ त्यांना लागली ती कितीतरी वर्षांनी, १९७०च्या दंगलीनंतर भिवंडीला जाऊन आल्यावर. आपल्या आत्मकथनात त्यांनी हे नोंदवले आहे. जळालेल्या घरांच्या रांगा पाहून त्यांना रावळपिंडी आठवली आणि ‘तमस’ सुरू झाली. फाळणीवरची ही सर्वांत परिचित मालिका आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या एका गावातून निघाली आहे, हे महाराष्ट्रात फार कमी वेळा बोलले जाते. ते माहीत झाल्यावर मालिकेकडे दूरच्या पंजाबची गोष्ट म्हणून पाहता येत नाही.

पहिल्याच भागात निहलानी प्रेक्षकाची कसोटी घेतात. चामड्याचे काम करणाऱ्या नथ्थूला एक ठेकेदार पैसे देऊन डुक्कर मारायला सांगतो. जनावरांच्या डॉक्टरला हवे आहे, एवढेच कारण दिलेले. नथ्थूने हे काम कधी केलेले नाही. अंधाऱ्या, बंद जागेत तो आणि ते जनावर रात्रभर एकमेकांसमोर, आणि दिग्दर्शक ती झटापट लवकर संपू देत नाही. घाम, धाप, दिव्याचा अपुरा उजेड आणि मधूनमधून नुसते थांबलेले दोघे. ओम पुरी यांच्या चेहऱ्यावर इथे क्रौर्य औषधालाही नाही. आहे ती नाइलाजाने कामाला लागलेल्या माणसाची घाई. सकाळी ते मेलेले डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि आपल्या हाताने काय झाले हे नथ्थूला कळते. पुढची सारी मालिका या एका ज्ञानाच्या ओझ्याखाली चालते, आणि ठेकेदार सोडला तर ते ओझे शहरात दोनच माणसांना ठाऊक आहे : नथ्थूला आणि त्याची बायको कर्मो हिला. दीपा साही यांनी कर्मोच्या भूमिकेत फारसे संवाद नसताना जे केले आहे, त्याकडे पूर्वी पुरेसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. नवऱ्याने कबुली दिल्यावर ती त्याला दोषही देत नाही आणि धीरही देत नाही. ती हिशेब करते की हे कुणाला कळता कामा नये, आणि त्या हिशेबातच तिचे प्रेम दिसते.

दंगल कशी घडवली जाते याची यंत्रणा दाखवताना निहलानी फार संयमाने एकेक घटक आणतात. प्रभातफेरी काढून गटारे साफ करायला निघालेले काँग्रेसचे बक्षीजी (ए. के. हंगल), तालमीत कोवळ्या पोरांना हिंसेचे धडे देणारे, मोहल्ल्यामोहल्ल्यांत जमणारे घोळके, आणि सगळे दिसत असूनही हात न हलवणारा इंग्रज जिल्हाधिकारी. बॅरी जॉन यांनी हा अधिकारी सुसंस्कृत, वाचनाची आवड असलेला असा उभा केला आहे, म्हणून त्याची निष्क्रियता अधिक बोचते. पंकज कपूर यांचा ठेकेदार थोडाच वेळ दिसतो. तो कोणासाठी काम करतो हे मालिका ओरडून सांगत नाही, आणि शांतता समितीची खटपट सुरू झाल्यावर तोच माणूस पुन्हा कुठे दिसतो, हे पाहणाऱ्याने पाहावे.

मालिकेचा आत्मा मला हरनामसिंग आणि बंतो या वृद्ध शीख दांपत्यात आढळला. खेड्यातले चहाचे छोटेसे दुकान सोडून रात्री निघालेले हे दोघे. हरनामसिंगाच्या भूमिकेत स्वतः भीष्म साहनी आणि बंतो झालेल्या दीना पाठक. कादंबरीकाराने आपल्याच पात्राला आपला देह द्यावा, हे कुठल्याही पडद्यावर क्वचितच घडते. साहनी मुरलेल्या नटासारखे काम करत नाहीत. ते हळू चालतात, हळू बोलतात, आणि बंतोकडे पाहताना त्यांच्या नजरेत लाज असते की या वयात बायकोला आपण निवारा देऊ शकत नाही. ज्या घराचे दार त्यांच्यासाठी उघडते ते मुसलमान घर आहे, आणि दार उघडणारी राजो म्हणजे सुरेखा सीकरी. तिच्याच घरातले पुरुष लुटालुटीला गेलेले. एका बाजूला घरातल्या कर्त्या पुरुषांचा धाक, दुसऱ्या बाजूला दारात उभे असलेले दोन म्हातारे जीव. सीकरी हा संघर्ष एकही मोठे वाक्य न बोलता उभा करतात. त्यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वनराज भाटिया यांना संगीताचा, आणि मालिकेच्या चित्रपटरूपाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार. शीर्षकाबरोबर भाटियांनी योजलेली आर्त हाक आजही अंगावर येते.

गुरुद्वारातील प्रसंग आणि स्त्रियांनी विहिरीत घेतलेल्या उड्या हा मालिकेचा सर्वांत प्रसिद्ध भाग आहे. त्यामागे रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा या गावी खरोखर घडलेली घटना आहे. इथे जसबीरच्या भूमिकेत उत्तरा बावकर आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो जवळजवळ परका वाटावा असा निश्चय विसरता येत नाही. तरीही हा भाग मला पूर्ण पटला नाही. गुरुद्वाराच्या आतली दृश्ये रंगमंचावर मांडल्यासारखी वाटतात, तेजासिंग झालेल्या अमरीश पुरींचा धीरगंभीर स्वर वारंवार येतो, आणि विहिरीकडे जाणाऱ्या स्त्रियांच्या रांगेला इतके भव्य रूप मिळाले आहे की एकेकटीचा जीव दिसेनासा होतो. डुकराच्या झटापटीत ज्या दिग्दर्शकाने एकेक श्वास मोजला, त्याने इथेही एखाद्या स्त्रीच्या पायाशी क्षणभर थांबायला हवे होते.

‘तमस’ आठवड्याआठवड्याने दाखवली गेली, याचा तिच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. भागांमध्ये दिवसांचे अंतर होते, म्हणूनच मालिका सुरू असताना तिच्याविरुद्ध निदर्शने झाली आणि ती बंद करावी म्हणून न्यायालयात दाद मागितली गेली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपण थांबवण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये त्या न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. एखाद्या कलाकृतीचा परिणाम जोखताना सारासार विचार करणाऱ्या, खंबीर मनाच्या माणसाचे माप लावावे, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाचे लावू नये, हे तत्त्व त्या निकालात आधाराला घेतले गेले. ते मुळात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४०च्या दशकात नागपूरच्या उच्च न्यायालयात मांडलेले होते. भिवंडीत सुरू झालेल्या कादंबरीच्या मालिकेला नागपुरात घडलेल्या विचाराचे संरक्षण मिळाले, ही साखळी मला फार मोलाची वाटते. आज एखादे दृश्य कापण्याची मागणी झाली की ते आधीच कापून मोकळे होणाऱ्या निर्मात्यांनी ती जाणून घ्यावी.

दिवसभराच्या कामानंतर ‘तमस’चा एक भाग पुरेसा असतो. दोन भाग सलग पाहिल्यास दुसऱ्यातले दुःख पहिल्याच्या दुःखावर साचते आणि मन बधिर होते; मग प्रेक्षक नुसता पुढे काय झाले एवढेच पाहू लागतो. निहलानींनी प्रत्येक भागाचा शेवट जिथे केला आहे तिथे खरोखर थांबले, तर तो शेवट आपले काम करतो.

शनिवार-रविवारी ‘भारत एक खोज’. श्याम बेनेगल यांची ही ५३ भागांची मालिका १४ नोव्हेंबर १९८८ रोजी, म्हणजे नेहरूंच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभी सुरू झाली. नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा मूळ ग्रंथ १९४४ मध्ये अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यातील तुरुंगात लिहिला. रोशन सेठ नेहरूंच्या वेशात प्रेक्षकाशी बोलतात, ओम पुरींचे निवेदन कालखंड जोडते, आणि मध्ये नाट्यप्रसंग येतात. माहितीपट आणि नाटक यांची ही सांगड त्या काळी नवी होती आणि आजही पूर्ण जमलेली वाटते ती एका कारणाने : बेनेगल प्रत्येक कालखंडासाठी सांगण्याची वेगळी रीत शोधतात. महाभारत आले की तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याची छत्तीसगढी लोककला, येते. संस्कृत नाटकाचा काळ आला की नाटकच रंगते. पद्मावतीची कथा येते ती जायसीच्या काव्याची कथा म्हणून, घडलेला इतिहास म्हणून नव्हे. लोकांनी सांगितलेली गोष्ट आणि पुराव्याने ठरलेली गोष्ट यांतला भेद इतक्या सौम्यपणे राखणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही. सुरुवातीला ऋग्वेदातील नासदीय सूक्त, त्याचे हिंदी रूप वसंत देव यांचे. मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या या लेखकाने त्या सूक्तातला संशय, सृष्टीच्या आरंभाविषयीचा तो प्रामाणिक प्रश्न, जसाच्या तसा ठेवला आहे, आणि इतिहास सांगणाऱ्या मालिकेला याहून योग्य आरंभ सुचत नाही.

मराठी प्रेक्षक साहजिकच शिवाजी महाराजांवरचे दोन भाग आधी शोधतो. महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब म्हणून ओम पुरी. आपल्या डोळ्यांना महाराजांचे जे भव्य, घोषणांनी भरलेले चित्र पाहण्याची सवय झाली आहे, त्यापुढे हे भाग प्रथमदर्शनी साधे वाटतात. लढायांची दृश्ये तोकडी आहेत, माणसे कमी आहेत, किल्ल्यांचा विस्तार पडद्यात मावत नाही, आणि यात खर्चाची मर्यादा लपत नाही. परंतु नसीरुद्दीन यांनी विचार करणारा राजा उभा केला आहे. बोलण्याआधी ऐकणारा, समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देणारा आणि मग मोजके बोलणारा. औरंगजेबाचेही विकृत चित्र नाही. ओम पुरी त्याला कठोर, एकाकी आणि स्वतःच्या नीतीवर गाढ विश्वास असलेला माणूस म्हणून दाखवतात, त्यामुळे त्याच्याशी झालेला संघर्ष अधिक मोठा ठरतो. त्याच आठवड्यात नथ्थूच्या चेहऱ्यावरची हतबलता पाहिलेली असताना तोच नट दिल्लीच्या तख्तावर बसलेला पाहणे, हा अभिनयाचा वेगळाच धडा होता.

तरी या मालिकेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग महात्मा फुल्यांवरचा आहे. नेहरूंच्या ग्रंथात फुल्यांना स्वतंत्र प्रकरण नाही. बेनेगल आणि त्यांच्या लेखकांनी ग्रंथाच्या चौकटीबाहेर जाऊन त्यांना संपूर्ण भाग दिला, आणि जोतिरावांच्या भूमिकेसाठी सदाशिव अमरापूरकरांना निवडले. हिंदी चित्रपटांनी ज्या नटाला खलनायक म्हणून ओळखले, त्या नगरच्या माणसाचे खरे सामर्थ्य इथे दिसते : आवाजात धार आहे पण ती दुखावणाऱ्याची नाही, राग आहे पण तो शाळेच्या, विहिरीच्या, शेतकऱ्याच्या प्रश्नाला बांधलेला आहे. ज्या शहराच्या किल्ल्यात मूळ ग्रंथ लिहिला गेला त्याच शहराच्या नटाने त्या ग्रंथात नसलेले प्रकरण पूर्ण केले. महाराष्ट्रातील शाळांनी नववी-दहावीच्या वर्गांत हा एक भाग आवर्जून दाखवावा. तो पाहायला मालिकेतले आधीचे काही पाहिलेले असण्याची गरज पडत नाही.

मालिकेचे दोषही सांगायला हवेत. निवेदनाची हिंदी अनेक ठिकाणी इतकी संस्कृतप्रचुर आहे की मराठी वाचकाला शब्द ओळखीचे असूनही वाक्य पकडता येत नाही. दक्षिणेच्या वाट्याला उत्तरेच्या मानाने कमी वेळ आला आहे. काही भागांत एकाच नटांचे संच वेगवेगळे फेटे घालून फिरत आहेत हे लपत नाही. पण छायालेखन व्ही. के. मूर्तींचे आहे, ज्यांनी गुरुदत्त यांच्या चित्रपटांना प्रकाश दिला, आणि अंधाऱ्या दालनात एका खिडकीतून येणारा उजेड ते असा योजतात की कापडी भिंतीही दगडी वाटू लागतात.

‘सुरभी’बद्दल थोडक्यात. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांचा हा कार्यक्रम १९९० ते २००१ या काळात चालला. कारागीर, लोककला, देवळे, विहिरी, खाद्यपदार्थ असे तीन-चार छोटे माहितीपट एका भागात. आजच्या डोळ्यांना त्यातली माहिती कधी वरवरची वाटते, कारण पाच मिनिटांत एखादी कला उलगडत नाही. मात्र रेणुका शहाणे यांच्या निवेदनातली आपुलकी खरी आहे. त्या माहिती सांगत असताना स्वतः ती ऐकतही असतात. कार्यक्रमातल्या प्रश्नाला उत्तर म्हणून इतकी पत्रे येऊ लागली की टपाल खात्याने स्पर्धांसाठी दोन रुपयांचे वेगळे पोस्टकार्ड काढले, जेव्हा साधे कार्ड पंधरा पैशांना मिळत होते. गावोगावच्या प्रेक्षकाला इतिहास-संस्कृतीत रस नसतो असे मानणाऱ्या वाहिन्यांनी हे एवढे तरी लक्षात घ्यावे.

पाहण्याच्या सोयीविषयी सांगायचे तर इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रती एकसारख्या नाहीत. काही जुन्या फितींवरून उतरवलेल्या असल्याने रंग उडालेले, आवाज मध्येच खाली जाणारा. ‘तमस’च्या अंधाऱ्या दृश्यांना याचा सर्वाधिक फटका बसतो, म्हणून ती रात्री, खोलीतला दिवा मालवून आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर पाहावी. मोबाईलवर पहिला भाग अर्धा दिसतच नाही. उपशीर्षके असली तर बहुधा इंग्रजीत. मराठी उपशीर्षकांची गरज मोठी आहे, विशेषतः ‘भारत एक खोज’साठी, आणि हे काम महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाच्या भाषांतर विभागाने हाती घेण्यासारखे आहे. भागांची नावे आणि क्रमांकही एकदा कोणीतरी तपासून लावायला हवेत, कारण नव्या प्रेक्षकाला हवा तो भाग शोधताना फार वेळ जातो.

एक खंत मात्र राहिली. हिंदीतील हे सारे आज हाताशी आहे, पण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई केंद्राने मराठीत जे केले त्यातले फार थोडे पाहायला मिळते. त्या काळी फिती महाग असत आणि एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित होई, त्यामुळे कितीतरी काम कायमचे पुसले गेले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव’चे जे काही उरले असेल ते स्वच्छ करून, नीट नोंदींसह लोकांसमोर आणणे, हे या संग्रहाच्या पुढच्या कामांत पहिले असायला हवे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘नुक्कड’चा कोणताही एक भाग पाहावा, दुसऱ्या दिवशी फुल्यांवरचा भाग, आणि मग ‘तमस’कडे वळावे. घरात लहान मुले असतील तर ‘तमस’चा पहिला आणि गुरुद्वाराचा भाग त्यांना न दाखवलेला बरा, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसोबत मात्र ही मालिका जरूर पाहावी आणि प्रत्येक भागानंतर त्यांच्या प्रश्नांसाठी थोडा वेळ हाताशी ठेवावा.